आधी जागा, मग जानेवारी, शेवटी बोट

लंडनमध्ये बोटीवर संसार थाटू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी, आणि त्यांच्या इथल्या आईवडिलांसाठी

बोनकोडे, कोपरखैरणे, ऐरोली या पट्ट्यातून नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या जोडप्यांच्या घरी एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा निघतो. लंडनचे घरभाडे पगाराचा मोठा घास घेते. मग कालव्यावरची एखादी अरुंद, लांबट बोट विकत घेऊन तिच्यातच राहिले तर? जोडपे विचारते किमतीबद्दल. इथे बसलेले आईवडील विचारतात थंडीबद्दल, पत्त्याबद्दल आणि ‘पोरगी पाण्यात पडली तर?’ याबद्दल. दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, क्रम मात्र चुकतो. बहुतेक जण जूनच्या लख्ख उन्हात बोट पाहतात, तिच्या प्रेमात पडतात, पैसे मोजतात आणि मग ती बांधायची कुठे हे शोधायला निघतात. खरे तर बोटीवरचा संसार टिकणार की नाही हे बोट ठरवतच नाही. ती कुठे बांधली आहे आणि त्या जागी जानेवारी कसा जातो, यावर ते ठरते. म्हणून या लेखातही बोटीची निवड मुद्दाम मागे ठेवली आहे.

बोट तुमची, जागा कुणाची?

नवी मुंबईकराला हे समजावून सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. सिडकोच्या भूखंडावरचा फ्लॅट तुमचा असतो, पण जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. आणि गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न भिंतींमुळे नाही, भिंतींखालच्या जमिनीमुळे रखडला. बोटीचे तसेच आहे, फक्त इथे भाडेपट्टाही साठ वर्षांचा नसतो, बहुधा एका वर्षाचा असतो. बोट बांधून ठेवण्याच्या जागेला मुरिंग म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ३,२०० किलोमीटर कालव्यांचा आणि नद्यांचा कारभार कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून पाहते. तिच्याकडून बोटीचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याने पाण्यात असण्याचा अधिकार मिळतो, एका जागी राहण्याचा नव्हे. त्यासाठी पुढचे पर्याय आहेत आणि त्यांच्यातला फरक करारावर सही करण्यापूर्वी कळायला हवा:

- निवासी मुरिंग. स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी असलेली जागा. इथे बारा महिने राहता येते, पत्ता मिळतो आणि बहुधा सर्वांत खालच्या ‘ए’ श्रेणीचा कौन्सिल टॅक्सही लागतो. लंडनमध्ये अशा जागा थोड्या आणि महाग.
- विरंगुळ्याचे मुरिंग. बोट ठेवा, शनिवार-रविवारी या, फिरा. कायमचे राहायला करारात मनाई असते.
- हिवाळी मुरिंग. ट्रस्ट १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर काही जागा शुल्क घेऊन देतो. तेवढे महिने बोट हलवावी लागत नाही.
- मुरिंगच नाही. बोट सतत फिरती ठेवायची.

यातला दुसरा पर्याय सर्वांत फसवा. ‘करारात लिहिलंय, पण सगळे राहतातच’ असे तुम्हाला मरीनातच, म्हणजे बोटी बांधण्याच्या तळावरच, कुणीतरी सांगेल, आणि ते खरेही असू शकेल. पण लपूनछपून राहणाऱ्याला पत्ता देता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि मालकाने नोटीस दिली तर हातात काही नसते. व्हिसावर राहणाऱ्या जोडप्याने तर या वाटेला जाऊच नये. ब्रिटनच्या गृहखात्याच्या ऑनलाइन खात्यात खरा पत्ता नोंदवण्याची जबाबदारी तुमच्यावर असते, आणि जिथे राहण्याची परवानगी नाही तोच पत्ता म्हणून लिहिणे म्हणजे उद्याच्या अर्जात आजच गाठ मारून ठेवणे.

‘फिरते राहिले तर जागेचा खर्च वाचेल ना?’

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण लंडनच्या रीजंट्स कॅनालवर किंवा ली नदीवर दिसणाऱ्या बोटींपैकी कितीतरी अशाच फिरत्या आहेत आणि त्यांतली माणसे सुखाने राहतात. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार ज्या बोटीला कायमचे मुरिंग नाही तिने खरोखर प्रवास करत राहिले पाहिजे आणि एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. काही ठिकाणी मुदत याहूनही कमी असते. चौदा दिवसांनी पलीकडच्या पुलाशी सरकून परत यायचे, ही युक्ती चालत नाही. वर्षभरात सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा कमी पट्ट्यात घुटमळणारी बोट ही अट पूर्ण करते असे मानले जाण्याची शक्यता फार कमी, असे ट्रस्टच सांगतो. एप्रिल २०२४ पासून अशा बोटींच्या परवाना शुल्कावर अधिभारही लागतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढणारा आहे.

आता हे सारे दोघांच्या नोकरीशी ताडून पाहा. दोघे आठवड्यातून चार दिवस कॅनरी वॉर्फला जात असतील, तर बोट पश्चिमेला अक्सब्रिजकडे गेलेल्या पंधरवड्यात रोजचा प्रवास दुप्पट होईल. डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो. म्हणजे कामाच्या दिवशी उजेडात बोट हलवणे अशक्य. उरतो शनिवार-रविवार, तोही पावसाचा आणि घसरड्या लॉकचा, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांच्या टाकीचा. शिवाय हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दुरुस्तीसाठी ट्रस्ट ठिकठिकाणी लॉक बंद ठेवतो, त्यामुळे ठरवलेला मार्गच बंद सापडू शकतो. घरून काम करणाऱ्या, वेळ हाताशी असलेल्या, यंत्राची आवड असलेल्या जोडप्याला फिरते जीवन जमते. ऑफिसला बांधलेल्या जोडप्याला वाचलेले भाडे प्रवासात, सुट्ट्यांत आणि चिडचिडीत फेडावे लागते. मधला मार्ग म्हणजे आठ महिने फिरते राहून चार महिने हिवाळी मुरिंग घेणे. हा चांगला पर्याय आहे, पण त्या जागा मर्यादित असतात. विक्री सुरू होण्याची तारीख आधीच पाहून ठेवा.

जानेवारीची परीक्षा

जागा नक्की झाली की बोट घेण्याआधी एक काम करा: जानेवारीत एक-दोन आठवडे बोट भाड्याने घेऊन तिच्यात राहा आणि तिथूनच कामावर जा. सुट्टीसारखे राहू नका. हिवाळ्यातही बोटी भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. कुणी खासगी मालक लांब मुदतीसाठी बोट देत असेल, तर त्याच्याकडे भाड्याने देण्याचा व्यावसायिक परवाना आहे का ते लेखी विचारा. साध्या खासगी परवान्यावर बोट भाड्याने देणे नियमबाह्य आहे. या पंधरवड्यात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

थंडीपेक्षा ओल जास्त छळते, हे पहिले. कालव्यातली नॅरोबोट सात फुटांहूनही अरुंद असते. तिच्या लोखंडी भिंतीला बाहेर गोठणबिंदूजवळचे पाणी आणि हवा टेकलेली, आत दोन माणसांचा श्वास, आंघोळ आणि स्वयंपाक. आपला स्वयंपाक वाफेचा: कुकरच्या शिट्ट्या, भाताचे आधण, उकडलेले बटाटे. त्यात गॅस जळतानाही पाणी तयार होते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो वाफ हवेत जाते. ती गार भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसते. उपाय कुणालाही नकोसा वाटणारा आहे: भर थंडीत खिडकी किलकिली ठेवायची, गादीखाली हवा खेळती ठेवायची, कपडे आत वाळत घालायचे नाहीत. मरीनात वीजजोडणी असेल तर ओल शोषणारे यंत्र चालवता येते. तिथेही जोडणी किती अँपिअरची ते विचारा. १६ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या आसपास. हीटर आणि किटली एकदम लावली की फ्यूज उडालाच. अनेक धक्क्यांवर तेवढीही मिळत नाही.

खिडकीची फट किंवा छतावरचे वायुविजन ऊब जाते म्हणून बोळे कोंबून बंद करण्याचा मोह अनावर होतो. तो जिवावर बेततो. कोळशाच्या किंवा लाकडाच्या शेगडीतून, गॅसच्या उपकरणातून, शेजारच्या बोटीच्या इंजिनातूनही कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. बोट सेफ्टी स्कीमच्या नियमांनुसार एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटीत या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. आईवडिलांनी मुलांना फोनवर थंडीबद्दल दहा प्रश्न विचारण्यापेक्षा एकच विचारावा: अलार्मचे बटण दाबून शेवटचे कधी पाहिले? कोळशाची सिगडी किंवा बार्बेक्यू आत आणणे तर निषिद्धच, विझत आला असला तरी.

गॅसबद्दल आपल्याकडच्या सवयी तिथे उपयोगाच्या नाहीत. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायू होणेच थांबवतो, म्हणून हिवाळ्यात निळा ब्युटेनचा सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. लाल, प्रोपेनचा सिलिंडर घ्यावा. तो बोटीच्या आत नाही, बाहेर निचरा होणाऱ्या वेगळ्या कप्प्यातच ठेवायचा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो.

वीज, पाणी आणि संडास हे तीन विषय लग्नाळू वयात कुणी आवडीने वाचत नाही, पण बोटीवरचे बहुतेक वाद याच तिघांवरून होतात. छतावरचे सौर पॅनेल डिसेंबरात नावापुरते चालते. मरीनाबाहेर असाल तर बॅटरी भरायला इंजिन चालवावे लागते आणि रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात बांधलेल्या बोटीचे इंजिन चालवायला ट्रस्टची मनाई आहे. ऑफिसातून साडेसातला परतणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावे. पाण्याची टाकी गोठणारी थंडी येण्यापूर्वीच भरून ठेवा, कारण किनाऱ्यावरचा नळच गोठतो. संडासाची टाकी एकतर कॅसेटची असते, ती स्वतः उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची. किंवा मोठी असते, ती पंपाने उपसून घ्यायची. हे काम कोण करणार, हे सही करण्याआधी दोघांत ठरवा. (पत्रिकेतले गुण जुळण्यापेक्षा हे जुळणे महत्त्वाचे ठरेल.)

आणि पाण्यात पडण्याबद्दल. ही भीती खोटी नाही, फक्त तिचे चित्र चुकीचे आहे. प्रवासात नव्हे, बांधलेल्या बोटीवर चढता-उतरताना, रात्री, घसरड्या कडेवरून माणसे पडतात. पाणी १५ अंशांच्या खाली असले की श्वास एकदम खेचला जातो आणि पोहणाऱ्यालाही हातपाय मारणे जड होते. तिथली जीवरक्षक संस्था आरएनएलआय सांगते ते दोघांनी पाठ करावे: आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मगच हाक मारा किंवा पोहा. चढण्याच्या जागी दिवा, खडबडीत पट्टी आणि पाण्यापर्यंत पोहोचणारी शिडी असल्याखेरीज मुरिंग घेऊ नका.

लग्नसराईत गावी येताना

डिसेंबर-जानेवारीत घरची लग्ने असतात, आणि बोट एकटी राहण्याचा सर्वांत वाईट काळही तोच. नळातले पाणी गोठून फुगले की पाइप फुटतो. बर्फ वितळल्यावर टाकीतले सगळे पाणी बोटीतच उतरते. निघण्यापूर्वी:

- पाण्याचा पंप बंद करा, नळ उघडे ठेवा, गरम पाण्याची टाकी आणि पाइप रिकामे करा.
- इंजिनात गोठणरोधक द्रव पुरेसा आहे का ते तपासून घ्या.
- गॅस सिलिंडरवरच बंद करा.
- तळातले पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो का ते पाहा.
- दोर थोडे सैल ठेवा. पाण्याची पातळी वरखाली होते.
- शेजारच्या बोटीवर किल्ली आणि फोन नंबर द्या.
- बोट किती दिवस रिकामी ठेवलेली चालते, हे विम्याच्या कागदात वाचा.

आता बोट

इथे थोडक्यात, कारण जागा आणि हिवाळा पारखून झाल्यावर निवड आपोआप आवळत येते. जागेची लांबी ठरली की बोटीची लांबी ठरते. परवाना आणि मुरिंग दोन्हींचे पैसे लांबीवर लागतात. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. विक्रेत्याने दाखवलेला जुना अहवाल पुरेसा समजू नका. जाडी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की विमा मिळणे कठीण होते. सुरक्षा प्रमाणपत्र दर चार वर्षांनी घ्यावे लागते आणि विम्याशिवाय परवाना नाही. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा मालकीचा. आपल्या सातबाऱ्यासारखा कालव्यावरच्या बोटींचा सक्तीचा मालकी दाखला तिथे नाही, आणि ट्रस्टचा परवाना हा मालकीचा पुरावा नव्हे. आधीच्या विक्रीचे कागद, पावत्या आणि बोटीवर कर्ज नसल्याची लेखी हमी मागा. परवाना बोटीबरोबर येत नाही. तो तुमच्या नावाने नव्याने काढावा लागतो.

‘भाडे म्हणजे पाण्यात पैसा’

आपल्या घरांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि जमिनीच्या बाबतीत नवी मुंबईने ते खरे करून दाखवले. बोटीला ते लागू होत नाही. वाढते ते जमिनीचे मोल, आणि इथे जमीनच नाही; पत्रा गंजतो, दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा लेप द्यावा लागतो, मुरिंगचे शुल्क मालकाच्या मर्जीने वाढते. बोट घ्यायची तर तसे जगायला आवडते म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको. नेहमीचे गृहकर्ज बोटीला मिळत नाही, म्हणून इथून मदत मागितली जाते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. शिक्षण-उपचार सोडून इतर कारणांसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. गावातले घर तारण ठेवून मात्र बोट घेऊन देऊ नका. मोल वाढणारी वस्तू गहाण टाकून मोल उतरणारी वस्तू घेण्यात कुणाचेच हित नाही.

हक्क: काय आहे, काय नाही

मुरिंगचा करार हा सहसा भाडेकरार नसतो, ती जागा वापरण्याची परवानगी असते. चेल्सी यॉट अँड बोट कंपनीच्या खटल्यात २००० साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निवाडा दिला की धक्क्याला बांधलेली घरबोट ही जमिनीचा भाग नसून हलवता येणारी वस्तू आहे. म्हणून घराच्या भाडेकरूला मिळणारे संरक्षण तिच्यातल्या रहिवाशाला मिळत नाही. तेव्हा नोटिशीची मुदत, दरवाढीची पद्धत आणि करार संपल्यावर काय, हे तीन मुद्दे लेखी घ्या. परवान्याविना किंवा अटी मोडून उभी असलेली बोट हटवण्याचा अधिकार ट्रस्टला १९८३ च्या कायद्याने आहे.

पण पत्ता नसला म्हणून तुम्ही बेदखल होत नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. नोंदणी नाकारली तर लेखी कारण मागा. कायम पत्ता नसलेल्यांना स्थानिक संबंध जाहीर करून मतदार यादीत नाव घालता येते, आणि तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदानाचा हक्क आहे. बर्फामुळे, बंद लॉकमुळे किंवा आजारपणामुळे बोट हलवता आली नाही, तर मुदत संपण्याआधी ट्रस्टला कळवा. जास्त मुक्काम मागता येतो. कळवल्याची नोंद जपून ठेवा.

मग आपल्याच खाडीत का नको?

इथे थंडी नाही, कोळसा नाही, मग कोपरखैरण्याच्या पश्चिमेची ठाणे खाडी काय वाईट, असे कुणीही विचारेल. उत्तर पुन्हा जागेचेच आहे. या खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. काठची तिवरे सागरी किनारा नियमनाच्या सर्वांत कडक श्रेणीत येतात आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांच्याभोवतीची ५० मीटरची पट्टीही राखीव झाली. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. बेलापूरहून २०२२ मध्ये जलटॅक्सी सुरू झाली खरी, पण प्रवासी जेट्टी म्हणजे राहण्याचे मरीना नव्हे. बोटी बांधून ठेवण्याचे मरीना पाहायचे तरी कोचीला बोळगाट्टीला जावे लागेल. हौसेची यांत्रिक बोट इथे ठेवायची असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी लागते. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जा. आपला कठीण काळ हिवाळा नसून पावसाळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तुमची बोट कुठे राहील आणि शाकारणीला किती खर्च येईल, हे बोट विकणाऱ्याला विचारू नका. दिवाळे-बेलापूरच्या धक्क्यावरच्या एखाद्या नाखव्याला विचारा.